धावजीच्या नावाची छाती

मोनालीचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार चोवीसची ही गोष्ट. मोनाली ही बाबारावांची थोरली नात. लग्नाच्या पंगती उठल्यावर उरलेल्या वरणाचा गंज एकट्यानं उचलायला बाबाराव पुढे झाले आणि छातीत डाव्या बाजूला काहीतरी कट्कन झालं. "जाईल आपोआप," असं म्हणत त्यांनी मे काढला, जून काढला. जुलैत नुसतं शिंकलं तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं. मग धाकटी नात पायल त्यांना स्कुटीवर मागे बसवून छातीचा फोटो काढायला आर्णीला घेऊन गेली.

एक्स-रेच्या दवाखान्यासमोर स्कुटी थांबली, तेव्हा बाबाराव खालीच उतरेनात.

"येथं कायले आनलं? दुसरीकडं जाऊ."

"काहून आबा? दुसरीकडं मशीनच नाही."

"येथं गर्दी राह्यते."

आत एक म्हातारा गृहस्थ सोडला तर कोणी नव्हतं. तो काउंटरवर पेपर वाचत खोकत होता. पायलनं आबांकडे संशयानं पाहिलं आणि नाव लिहायला सांगितलं.

दवाखाना तोच असला तरी डॉक्टर नवे होते. आधीचे डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि जाताना इमारत, मशीन, कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरमधले सगळे जुने फोटो डॉक्टर साकेत यांना विकून गेले. डॉक्टर साकेत आर्णीचेच, पण पुण्याला शिकून आलेले. काउंटरवरचे म्हातारे गृहस्थ म्हणजे त्यांचे वडील श्रीकृष्णराव. ते तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, पण काउंटरची सवय सुटली नव्हती.

फोटो निघाला. "हाड मोडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "स्नायू दुखावलाय. छाती एकदम स्वच्छ आहे तुमची. या वयात अशी पाहायला मिळत नाही."

बाबाराव उठायला लागले. पण डॉक्टरांनी पुण्याहून एक नवा प्रोग्राम आणला होता आणि तो दाखवायला त्यांना माणूस मिळत नव्हता.

"बसा हो. गंमत दाखवतो. हा कॉम्प्युटर फोटोचा पोत बघतो. दुकानदार कसा तुमच्या कापडाचा तुकडा बघून तसंच दुसरं कापड ताग्यांतून शोधतो? तसं. कुठं गुळगुळीत, कुठं खरबरीत, कुठं रेघा, कुठं ठिपके, त्याचे आकडे करतो आणि जुन्या हजारो फोटोंतून सगळ्यांत मिळतेजुळते काढून देतो. त्या रोग्याला काय झालं होतं ते बघून आम्हाला या रोग्याचं ठरवायला मदत होते."

"मले काही झालंच नाही नं पन," बाबाराव म्हणाले. "मंग कायले शोधता?"

डॉक्टरांनी बटण दाबलं होतं. पडद्यावर बाबारावांच्या छातीशेजारी दुसरी छाती आली. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"अरे वा. शंभरातले अठ्ठ्याण्णव. एवढं जुळलेलं मी अजून पाहिलं नाही. दोन हजार सोळाचा फोटो आहे. धावजी म्हणून कोणी आहेत. तुमच्याच गावचे दिसतात."

"धावजी आजोबा?" पायल म्हणाली. "ते तं आबाचे दोस्त हायेत."

"मग एक तर मशीन चुकलं," डॉक्टर हसत म्हणाले, "नाहीतर तुम्ही दोघं सख्खे भाऊ."

पायल हसली. बाबाराव हसले नाहीत. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, आणि एक चुकीच्या काजात गेलं तरी ते तसंच ठेवून बाहेर आले.

मशीन चुकलं नव्हतं. ते बाबाराव सोडून आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

नोटा बंद झाल्या त्या हिवाळ्यात एका जिनिंगच्या मालकाला रात्रीचा चौकीदार हवा होता. आधीचा चौकीदार खोकून खोकून घरी बसला होता, म्हणून मालकानं या वेळी छातीचा फोटो मागितला. धावजींना नोकरीची गरज होती, पण त्यांची छाती बिडी आणि कापसाची धूळ यांनी अर्धी अर्धी वाटून घेतली होती. ते आपल्या बंजारा तांड्याच्या वळणावर खोकले की घरी चहा चढायचा. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की चौकीदाराला खोकला असलेला बरा, चोराला कळतं की माणूस जागा आहे. हे मालकाला पटण्यासारखं नव्हतं. मग धावजींच्या नावानं बाबाराव आर्णीच्या याच दवाखान्यात गेले. टेक्निशियननं नाव विचारलं, बाबारावांनी धावजी सांगितलं, श्वास रोखला, सोडला, आणि धावजींना नोकरी लागली. त्या आनंदात तांड्यावर मटण झालं. बाबाराव ते मटण विसरले होते. कॉम्प्युटर छाती विसरला नव्हता.

घरी आल्यावर पायलनं ही गंमत आजीला सांगितली. प्रभावतीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"दोघाइच्या छातीचा पोत एक हाय म्हन्ते?"

"हो. डाक्टर म्हनले, सख्खे भाऊ असान."

प्रभावतीबाईंनी ओसरीवर बसलेल्या नवऱ्याच्या कानांकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षं पाहिलेले कान, पण या नजरेनं पाहिले नव्हते. मग पीठ आणायच्या निमित्तानं त्या शेजारी साधनाकडे गेल्या आणि बोलता बोलता तिला सांगून आल्या. साधनानं ते नवऱ्याला, इंद्रजितला सांगितलं. आणि तिथं गंमत संपली.

इंद्रजित गावात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवायचा, त्यामुळे कोणाचा अर्ज कुठं अडलाय हे त्याला तोंडपाठ असे. पायलचा नंबर यवतमाळच्या सरकारी नर्सिंगला लागला होता. जातीचा दाखला होता, पण पडताळणी समितीचं प्रमाणपत्र यायचं बाकी होतं. ते वेळेत आलं नाही तर जागा जाणार होती. आणि जागा गेली तर ती यादीत पायलच्या लगेच खाली असलेल्या मुलीला मिळणार होती. ती मुलगी इंद्रजितची.

इंद्रजित वाईट माणूस नव्हता, पण बाप होता. त्यानं विचार केला, आणि त्याला एक जुनी गोष्ट आठवली. ती सगळ्या गावाला माहीत होती. बाबारावांची आई आणि धावजींची आई एकाच वावरात कापूस वेचायला जायच्या. दोघी एकाच दिवशी, एकाच झाडाखाली, एकाच सुईणीच्या हातानं बाळंत झाल्या. आजवर लोक ही गोष्ट दोघांच्या दोस्तीचं कारण म्हणून सांगत. इंद्रजितनं ती दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वेगळ्या आवाजात सांगितली.

"अंधार पडत आला होता म्हन्ते. दोन लेकरं, सुईन एक. अन् तिले रातांधय होतं."

"रातांधयाचं कोन सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? मशीननं काढलंच नं बाहेर. पोरं बदलले."

सख्खे भाऊ निघाले तर पोरं बदलली कशी, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गावानं तपास लावला. दोघंही जेवताना पहिला घास कुत्र्याला टाकतात. दोघंही घोड्याला घाबरतात. दोघांनाही कारलं चालत नाही. गेल्या साठ वर्षांत या गोष्टींकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, म्हणजे त्यात काहीतरी दडवलेलं असणारच. धावजींचा मुलगा देवसिंग बापाला उजेडात उभं करून बाजूनं, समोरून पाहून गेला आणि मोटरसायकल घेऊन निघून गेला.

तिसऱ्या दिवशी इंद्रजित बाबारावांच्या ओसरीवर आला.

"जय भीम, काकाजी. राग नका मानू. पन मुद्दा कायद्याचा हाय. तुमी अगर तांड्याच्या आईचे असान, तं पायलच्या दाखल्याचं कसं? मले समितीले कयवावं लागन."

"इंद्रजित, माह्या मायनं मले नऊ महिने पोटात वागवलं, अन् तू टपरीवर बसून तिले बदलून राह्यला?"

"मी नाही, काकाजी. विज्ञान बदलून राह्यलं."

तो गेल्यावर आत पायल रडत होती. बाबारावांना ते ऐकू येत होतं. वरणाचा गंज उचलला तेव्हापेक्षा आता छाती जास्त दुखत होती. खरं सांगावं तर तो गुन्हा होता. दुसऱ्याच्या नावानं फोटो काढून नोकरी लावली, हे इंद्रजितच्या कानावर गेलं असतं तर तो समितीला सोडून पोलिसांना कळवायला गेला असता. खरं सांगू नये तर आईचं नाव टपरीवर आणि नातीची जागा हवेत.

प्रभावतीबाई बाहेर आल्या आणि समोर बसल्या.

"मले खरं सांगा. तुमी कोन हाय?"

बाबारावांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. प्रभावतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या दिशी विहाराच्या मिटिंगले गेलतो म्हनले, ते मटन खाऊन आलते?"

"अवो, मुद्दा तो नाही."

"माह्यासाठी तोच हाय. पन ते मंग पाहू." त्यांनी पदर खोचला. "धावजीभाऊले घेऊन जा अन् त्याचा खरा फोटो काढा. थो कायाकुट्ट निंगन. तुमच्याशी जुयनार नाही. झालं."

बाबाराव जिनिंगच्या फाटकावर गेले. धावजी खुर्चीवर बसून खोकत होते.

"जय भीम," धावजी म्हणाले.

"जय सेवालाल."

"छातीचं काय झालं?"

"कोनत्या छातीचं इचारून राह्यला? माह्या का तुह्या?"

धावजींनी फाटकाच्या आत पाहून घेतलं आणि खुर्ची बाबारावांकडे ओढली. "हळू बोल बे. मालकाले कयलं का आपली छाती एकच हाय, तं मी घरी."

"माही नात रडून राह्यली. तुहा खरा फोटो काढाले चाल. तुही नोकरी मोठी का तिची जागा?"

धावजींनी काढलेली बिडी न पेटवता परत खिशात ठेवली. खोकलेही नाहीत, हे विशेष. मग म्हणाले, "माही याडी कापूस वेचता वेचता मले जन्म देऊन दुसऱ्या दिशी पुन्हा वेचाले गेली होती. तिच्यावर संशय घेते का थो इंद्रजित? चाल. पन मालकाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सगळे आर्णीला गेले. बाबाराव, धावजी, पायल, प्रभावतीबाई आणि मागून स्कुटरवर इंद्रजित. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "मी बी येतो," तो म्हणाला होता. "एकदा अदलाबदल झाली, पुन्हा नाही होऊ देत." तो एक्स-रेच्या खोलीच्या दाराशीच उभा राहिला आणि धावजी आत गेल्यावर दुसरं दार कुठं आहे का ते पाहून आला.

डॉक्टर साकेत खूश होते. दोन घरची दोन माणसं आणि छाती एकच, यावर ते पुण्याच्या आपल्या सरांना लिहिणार होते. "मी म्हणालोच होतो," ते इंद्रजितला म्हणाले. "मशीन उगाच काही सांगत नाही. जुन्या काळी खेड्यात काय काय झालेलं असतं."

"हेच मी म्हनून राह्यलो, डाक्टर."

आतून टेक्निशियन ओरडत होता, "श्वास रोखा," आणि धावजी रोखता रोखता खोकत होते. तीनदा फोटो हलला. चौथ्यांदा टेक्निशियननंच श्वास रोखला आणि फोटो निघाला.

डॉक्टरांनी बटण दाबलं. सगळे पडद्यापुढे दाटीनं उभे राहिले. धावजींची खरी छाती पडद्यावर आली. तिच्यात रेघा होत्या, ठिपके होते, धुरकट पट्टे होते. बाबारावांचा फोटो तिच्या आसपासही नव्हता. प्रभावतीबाईंनी सुस्कारा टाकला.

पण कॉम्प्युटर थांबला नव्हता. धावजींच्या छातीशेजारी त्यानं दुसरी एक छाती आणून ठेवली. शंभरातले सत्त्याण्णव. डॉक्टरांचा हात घाईनं पडदा बंद करायला गेला, पण नावं वाचणं हा इंद्रजितचा धंदाच होता.

"श्रीकृष्ण," त्यानं वाचलं. "हे तं बाहेर बसते त्या काकाजीचं नाव हाय."

मशीन घेतलं तेव्हा डॉक्टरांनी चाचणीसाठी आधी स्वतःच्या वडिलांचाच फोटो काढला होता. आपलं नाव ऐकून श्रीकृष्णराव काउंटर सोडून आत आले.

"काय रे साकेत, मला बोलावलंस?" असं म्हणून ते खोकले. इकडे धावजी खोकले. दोघांनीही तीनदा लहान आणि शेवटी एकदा मोठा, असं सारख्याच चालीत उरकलं.

"काकाजी," इंद्रजितनं हळूच विचारलं, "तुमचा जन्म कोठचा?"

"आजोळचा. घाटंजीचा."

"हंगाम कोनता होता?"

"कापसाचा. आई सांगायची, घरात पाय ठेवायला जागा नव्हती."

"अन् सुईन कोन होती?"

"ते मला कसं आठवणार हो," श्रीकृष्णराव म्हणाले. "मी तेव्हा फार लहान होतो."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. कान लाल झाले होते. "हे पहा. पोत म्हणजे रक्त नव्हे. दोन कापडं सारखी दिसली म्हणजे ती एकाच मागावर विणली असं होत नाही. धुळीत राहिलेल्या, बिड्या ओढलेल्या, जुनाट खोकल्याच्या छात्या सारख्या दिसतात. स्वच्छ छात्याही सारख्या दिसतात. यावरून नातं ठरवणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे."

"पन डाक्टर, सख्खे भाऊ असान असं तुमीच म्हनले होते," पायल म्हणाली.

"ते मी गमतीनं म्हणालो होतो."

"मंग गंमत लिहून द्या," बाबाराव म्हणाले. "सही-शिक्क्यासहित. फोटो जुयले म्हंजे नातं नाही जुयत, असं."

डॉक्टरांनी आजवर कुठलाही कागद इतक्या तातडीनं लिहिला नव्हता. मराठीत लिहिला, इंग्रजीत लिहिला, दोन्हींवर शिक्का मारला आणि एक प्रत स्वतः होऊन इंद्रजितच्या हातात दिली.

इंद्रजितनं ती वाचली. पण संशय असा एका कागदानं जात नाही. "ठीक हाय," तो म्हणाला. "पन मले एक सांगा. सोळा सालचा धावजी अन् आजचा धावजी, एकाच मानसाचे फोटो असे वेगये कसे?"

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मान तिरकी करून पाहिलं. मग बाबारावांचा फोटो काढून सोळाच्या फोटोशेजारी लावला. छात्या पाहण्यातच त्यांचं शिक्षण झालं होतं. त्यांनी वळून बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"जिनिंगची धूय हाय, डाक्टर," धावजी नम्रपणे म्हणाले. "आठ वर्सं खाल्ली."

डॉक्टर काही तरी बोलणार होते. तेवढ्यात दारात उभे असलेले श्रीकृष्णराव पुन्हा खोकले, त्याच चालीत, आणि इंद्रजितची मान तिकडे वळू लागली.

"होतं असं," डॉक्टर म्हणाले. "आठ वर्षांत छाती बदलते. पुष्कळ बदलते." आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर डॉक्टरांनी सोळा सालच्या फोटोबद्दल कधी विचारलं नाही आणि धावजींनी श्रीकृष्णरावांच्या आजोळाबद्दल कधी विचारलं नाही. पुण्याच्या सरांनाही काही लिहिलं गेलं नाही.

इंद्रजितनं समितीकडे करायचा अर्ज टाइप करून ठेवला होता. पण तो पाठवायचा तर त्यात श्रीकृष्णरावांचंही नाव घालावं लागलं असतं, आणि तहसीलमधला अर्धा स्टाफ श्रीकृष्णरावांच्या हाताखाली शिकलेला होता. इंद्रजितची रोजची कामं तहसीलमध्येच असायची. पायलचं प्रमाणपत्र मुदतीच्या आत आलं आणि ती यवतमाळला गेली. इंद्रजितच्या मुलीला पुढच्या फेरीत दुसरीकडे जागा मिळाली. साधना पेढे घेऊन आली तेव्हा प्रभावतीबाईंनी तिला चहा दिला, पण घरातलं काही सांगितलं नाही. विहाराच्या मिटिंगचा हिशेब मात्र त्यांनी बाबारावांशी पुढे पुष्कळ दिवस चालू ठेवला.

डॉक्टरांनी धावजींना औषध सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी ते आर्णीला जायचे आणि औषध घेऊन झालं तरी तासभर श्रीकृष्णरावांशेजारी बाकावर बसायचे. दोघांच्या बोलण्यासारखा विषय एकच होता, खोकला, पण तो संपत नसे. दिवाळीत श्रीकृष्णरावांनी त्यांना घरी फराळाला बोलावलं. डॉक्टरांच्या बायकोनं, आभानं, दोघांना एकाच वेळी ताट वाढलं, तेव्हा दोघांनीही कारल्याची चकती बाजूला काढून ठेवली. आभानं ते पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

जानेवारी संपता संपता धावजी गावात दिसले ते डोकं भादरून. इंद्रजितनं दुकानातून पाहिलं आणि बाहेर आला.

"धावजीकाका, डोकं काहून भादरलं? घरी कोनी गेलं का?"

"नाही गा. उवा झाल्यात्या," धावजी म्हणाले आणि जिनिंगकडे चालायला लागले.

श्रीकृष्णराव एकवीस जानेवारी दोन हजार पंचवीसला, मंगळवारी सकाळी वारले.